हिचकॉकचा हिरो: कॅरी ग्रँट की जेम्स स्ट्युअर्ट?

सस्पेन्स पिक्चरवाला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, त्याने हॉलिवूडच्या या दोन्ही स्टार्ससोबत चार-चार पिक्चर केले, त्यामुळे तुलना होणारच. ग्रँट म्हणजे स्टाइल, 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधे (१९५९) विमान मागे लागलंय, धुळीत लोळतोय, तरी आपलं लक्ष त्याच्या सूटकडेच! पण मला तो 'नोटोरियस'मधे (१९४६) जास्त आवडतो, इन्ग्रिड बर्गमनवर जीव आहे पण कबूल करायचं नाही, वर तिलाच टोमणे मारायचे, काय कडवट काम केलंय राव.

तरी माझं मत स्ट्युअर्टलाच. दिसायला एकदम भला माणूस आणि हिचकॉकने नेमका त्याचाच फायदा घेतला. 'रिअर विंडो'त पाय प्लास्टरमधे, उद्योग काय तर शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावणं, आणि आपणही निर्लज्जासारखं सोबत बघत बसतो. 'व्हर्टिगो'त (१९५८) तो किम नोव्हाकचे कपडे, केसांचा रंग, सगळं हट्टाने बदलायला लावतो ना, तेव्हा त्याचे डोळे बघा, भीती वाटते अक्षरशः. ग्रँट असता तर तिथेही हँडसमच दिसला असता.

कॉमेडीत मात्र उलटं. 'द फिलाडेल्फिया स्टोरी'त (१९४०) दोघंही आहेत, ऑस्कर स्ट्युअर्टला मिळालं आणि ग्रँटला थेट १९७० मधे मानद, जे मला आजही पटत नाही.