कामाडोचं गॅस्केट बदलून देतो म्हणून ₹14,400 ला गंडवलं, गोव्यात सीझनच्या तोंडावर असला माणूस दारात आला तर हे आधी वाचा

ज्यांच्याकडे सिरॅमिकचा कामाडो ग्रिल (जाड झाकणाची, कोळशावर चालणारी अंड्याच्या आकाराची शेगडी) आहे त्यांच्यासाठीच लिहितोय. शॅकवाले, होमस्टेवाले, घरच्या घरी ऑर्डर घेणारे, सगळ्यांनी वाचा, कारण हा माणूस आत्ता या क्षणी म्हापसा ते मडगाव कुठेतरी दुसऱ्या कोणाच्या अंगणात बसून झाकणाची कड घासत असणार याची मला खात्री आहे.

आमचं फोंड्याजवळ छोटं काम आहे, शनिवार-रविवारी ऑर्डरवर चोणक मासा, चिकन कॅफ्रियल, पोर्क रिब्स. कामाडोवरच सगळं. झाकण आणि खालचं भांडं यांच्यामधली फेल्टची पट्टी, म्हणजेच गॅस्केट, जळून काळी पडली होती, मागच्या बाजूला तर नुसती राख, झाकण बंद केलं तरी कडेने धूर यायचा. ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, ही पट्टी गेली की खालची हवेची झडप कितीही बारीक करा, हवा कडेने शिरतेच, 120 अंशांवर रिब्स ठेवायच्या तर काटा 180 ला जातो, आणि काम झाल्यावर कोळसा विझत नाही, सगळा जळून जातो. करवंटीच्या कोळशाचे भाव काय झालेत ते सांगायला नको.

कंपनीकडे विचारलं तर ओरिजिनल किट यायला सहा आठवडे. डिसेंबर तोंडावर. सहा आठवडे मी गिऱ्हाइकाला काय देऊ, शहाळं? म्हणून मी फेसबुकवर शोधलं आणि तिथे याची जाहिरात. कामाडो सर्व्हिस, सगळे ब्रँड, नोमेक्स गॅस्केट स्टॉकमध्ये, घरी येऊन बसवून देऊ, वर्कशॉप वेर्णा औद्योगिक वसाहत. खाली वीस-पंचवीस चांगल्या कमेंट. त्या कमेंट कशा येतात ते आता तुम्ही मला सांगू नका, मलाही माहीत आहे, पण नड असताना माणूस कमेंटवाल्यांचे प्रोफाइल उघडून बघत बसत नाही.

शुक्रवारी सकाळी आला. पांढरी स्कूटर, ग्रे टी-शर्ट, छातीवर कसलासा लोगो, तोंडात सारखं "पात्रांव, पात्रांव" (म्हणजे मालक, मालक). बोलणं इतकं जाणकाराचं की तुम्ही पण फसला असता. नोमेक्स म्हणजे काय, फायर ब्रिगेडच्या कपड्यात तेच कापड असतं, साधं फेल्ट आणि याच्यात फरक काय, सगळं बरोबर सांगितलं. म्हणजे माहिती खरी, माल खोटा. हे लक्षात ठेवा, असल्या लोकांना विषय येत नसतो असं समजू नका, विषय येतो म्हणूनच ते गंडवू शकतात.

जुनी पट्टी ब्लेडने खरवडली, तीसुद्धा अर्धवट. जुना गोंद कडेला तसाच राहिला होता, मी म्हटलं ॲसिटोनने पुसून घेऊया, तर म्हणे "नको पात्रांव, सिरॅमिक ॲसिटोन पिऊन टाकतं." फडक्यावर थोडं घेऊन पुसलं आणि नीट सुकू दिलं तर काही होत नाही, सगळे तसंच करतात. मग स्प्रे मारला, पट्टी ओढून ओढून चिकटवली. ताणून कधीच चिकटवायची नसते, तापली की आखडते आणि जोडाला फट पडते. हे मला तेव्हा खटकलं होतं, मी बोललो पण होतो, "अरे ताणतोस कशाला?" तो नुसता हसला.

आणि आता ते, जे आठवलं की अजून डोकं फिरतं. पट्टी बसवून झाल्यावर त्याने खाली पडलेला एक एक तुकडा उचलला. वाकून, शोधून, पायरीखालचे सुद्धा. सगळं एका पिशवीत घातलं आणि पिशवी स्वतःच्या बॅगेत. अहो, या गोव्यात एसीवाला येतो, प्लंबर येतो, इन्व्हर्टरवाला येतो, कोणी कधी स्वतःचा कचरा उचललाय? कापलेल्या वायरी, टेप, खोके, सगळं आपल्या अंगणात टाकून जातात. आणि हा झाडून घेतोय! आईने तर कौतुक केलं, "बघ, किती नेटका पोरगा," आणि त्याला कोकम सरबत दिलं. तिथेच कळायला हवं होतं. तो कचरा उचलत नव्हता, पुरावा उचलत होता. एक तुकडा काडी लावून बघितला असता तर दोन सेकंदांत निकाल लागला असता, पण समोरचा माणूस घाम गाळून काम करतोय आणि तुम्ही त्याच्या मालाला काडी लावणार, असं आपल्याकडे कोणी करतं का? नाही करत. याच्यावरच यांचा धंदा चालतो.

पैसे सांगतो. गॅस्केट किट ₹3,650. गोंद ₹450. येणं आणि मजुरी ₹1,800. झाले ₹5,900. मग झाकण दोन वेळा उघडून-बंद करून म्हणाला बँडची (झाकण आणि भांडं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्याची) स्प्रिंग गेलीय, झाकण एका बाजूला बसतंय, असंच वापरलं तर नवीन पट्टी पण जळेल, नवा बँड-स्प्रिंग सोमवारी आणून बसवतो, ॲडव्हान्स ₹8,500. एकूण ₹14,400. यूपीआयने दिले. स्कॅन केल्यावर नाव वेगळंच आलं, म्हणाला अकाउंटंटच्या खात्यावर घेतो. बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं, अगदी जीएसटी नंबरसकट. तो नंबर मी नंतर नीट बघितला, सुरुवात 27 ने. 27 म्हणजे महाराष्ट्र. गोव्याचा कोड 30. पत्ता वेर्ण्याचा आणि नंबर महाराष्ट्राचा! जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून बघता येतो, मी टाकला, तो भलत्याच कपड्याच्या दुकानाचा निघाला. पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर बघून काही उपयोग नाही.

जाताना सांगून गेला, चोवीस तास पेटवायचं नाही, गोंद धरू दे. आता हा नियम खरा आहे, गोंद लावल्यावर थांबावंच लागतं, आणि नेमका तोच नियम त्याने पळायला वापरला.

रविवारी संध्याकाळी बावीस माणसांची ऑर्डर. काटा 250 च्या जवळ गेला आणि वास सुरू झाला, प्लॅस्टिकचा, घशात बसणारा. कडेने काळे थेंब ओघळायला लागले, एक तर सरळ चोणकाच्या तुकड्यावर. सगळं फेकलं. गिऱ्हाइकाचे ₹11,000 परत दिले, ते त्या 14,400 मध्ये धरलेले नाहीत. रात्री ग्रिल थंड झाला तेव्हा झाकण खालच्या भांड्याला चिकटून बसलेलं, सकाळी आम्ही दोघांनी ब्लेड फिरवून फिरवून सोडवलं. टेबल सरकवलं तर पायाखाली त्याच्या नजरेतून सुटलेला एक तुकडा सापडला. चिमट्यात धरून काडी लावली. वितळला, थेंब झाला, काळा धूर, आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी. सरळ सरळ पॉलिस्टर. शाळेच्या प्रोजेक्टला आणतात ते फेल्ट. खरं नोमेक्स वितळत नाही, ठिबकत नाही, फक्त कोळपतं. फायबर ग्लासची पट्टी असेल तर ती पेटतही नाही.

फोन लागेना, व्हॉट्सॲपला एकच टिक. वेर्ण्याला जाऊन आलो, त्या प्लॉटवर दुसऱ्याच कारखान्याचं गेट, वॉचमन म्हणाला तुम्ही पहिले नाही आलात.

आता पोलीस. आधी तासभर बसवलं. मग साहेब विचारतात वस्तू काय. सांगितलं. "शेगडी? शेगडीच्या रबराला चौदा हजार?" आणि बाजूचे दोघे हसले. हसायला काय झालं? चोरी सोन्याची झाली की चोरी आणि माझ्या कामाच्या वस्तूची झाली की विनोद? मग म्हणे तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, काम पण झालंय, ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं खोटा पत्ता, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, याला फसवणूक नाही म्हणत तर कशाला म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कोणासाठी आहे? तर उत्तर, पत्ता वेर्ण्याचा आहे ना, तिकडच्या स्टेशनला द्या. तिकडे गेलो तर घटना फोंड्याची, तिकडे द्या. अरे मी काय पोस्टमन आहे का? नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम 173, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यावीच लागते, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, हे मी मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब रागावले, वकिली शिकवता काय म्हणून. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो नाही तेव्हा कुठे शिक्का मारला.

बँकेची कथा अजून भारी. मॅडमनी स्क्रीनवरून नजर न उचलता सांगितलं, पिन तुम्ही टाकला ना, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेचा कामकाजाच्या तीन दिवसांत कळवा आणि पैसे परत मिळवा हा नियम तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशासाठी, आपण स्वतः पाठवलेत तर तो लागू नाही. मग समोरच्याचं खातं तरी थांबवा म्हटलं, तर म्हणे ते पोलिसांनी कळवायला हवं. आणि पोलीस म्हणतात बँकेला विचारा. एकमेकांच्या नावाने चिठ्ठ्या, आणि मधल्या मधे तो खातं रिकामं करून मोकळा. फसवणूक कळल्या कळल्या पहिला फोन 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) करा, पोलीस स्टेशनच्या बाकावर बसायच्या आधी, पैसे पुढे सरकायच्या आत अडकवले तरच काही आशा असते. माझा अर्धा दिवस बाकावर गेला. ग्राहक आयोगात मी केस टाकतोय, 5 लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन होते, वकील लागत नाही.

अजून एक, स्प्रिंगचं सुद्धा खोटं होतं. बँडचे बोल्ट सैल होते, बस. झाकणात शंभराची नोट अडकवून ओढायची, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे, जिथून सहज निघते तिथे फट. बोल्ट जरा आवळले आणि नोट सगळीकडून धरली. ₹8,500 ची गोष्ट एका पान्याची होती. बोल्ट आवळताना झाकण मात्र कोणीतरी धरा, सिरॅमिक आहे, पडलं तर संपलं.

आता कंपनीचंच किट मागवलंय, सहा आठवडे तर सहा आठवडे. तो माणूस: तिशीचा, बारीक, डाव्या हाताच्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग, मराठी-कोकणी दोन्ही सफाईने बोलतो, पांढऱ्या स्कूटरला मागे निळा प्लॅस्टिकचा क्रेट बांधलेला. तुमच्याकडे येऊन गेला असेल तर बिलाचा आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि पट्टीचा तुकडा फेकू नका. मला कळवा. एकट्याच्या 14,400 ला ते हसतात, दहा जण एका अर्जावर सह्या करून गेलो तर बघू कसे हसतात.