कॅन्सरच्या गोळ्यांसाठी बेळगावच्या टिळकवाडीतलं हे मेडिकल

आम्ही खानापूरचे. आईला स्तनाचा कॅन्सर आहे, पाल्बोसिक्लिब हे टार्गेटेड औषध चालू आहे. जानेवारी २०२३ मध्ये पेटंट संपून भारतीय कंपन्यांचं औषध आलं, म्हणून तर ते आम्हाला परवडतंय.

दुकान लहान, बसायला एकच बाक, गाडी लावायची पंचाईत. पण काउंटरवरच्या मॅडम आधी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मागतात, मगच औषध काढतात. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, असा हिशेब असतो. एकदा सुट्टी संपली तरी आईचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९०० च्या आतच होते. मॅडमनी औषध दिलं नाही, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आठवडाभर थांबून रक्त पुन्हा तपासायचं ठरलं.

आईचा चेहरा उतरला. टार्गेटेड औषध म्हणजे फक्त गाठीवर चालणारं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मॅडमनी गर्दी थांबवून, रिपोर्टवरच्या त्या आकड्याभोवती पेनानं गोल काढत समजावलं. पेशींची वाढ होताना सीडीके ४ आणि ६ ही एन्झाइम लागतात, औषध त्यांनाच अडवतं. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार व्हायलाही तीच लागतात, म्हणून त्या घटतात आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते. "मावशी, केमोत या पेशी मरतात. इथं त्या नुसत्या थांबल्यात, परत भरून येतील. पण ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन झोपू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा." पुढच्या आठवड्यात आकडा खरंच वर आला. एवढं निवांतपणे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या एका दुकानात आईच्या खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन दिली होती, चालू औषधं न विचारता. त्या गोळीनं पाल्बोसिक्लिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं. इथं सर्दीची गोळी मागितली तरी आधी यादी बघतात. ग्रेपफ्रूटनंही ते प्रमाण वाढतं म्हणून ते बंद, आणि त्याच्याच जातीतलं म्हणून गणपतीतलं पपनसही नको, हेही इथंच कळलं. कंपनी बदलली तेव्हा कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्या, असं पाकिटावर मराठीत लिहून दिलं.

साठा कधी कधी संपलेला असतो. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी दोन दिवस आधी फोन करावा, आणि येताना ताजा सीबीसी घेऊनच यावं.