चार्टप्लॉटर, टॅबलेट की ओपनसीपीएन? कमी खर्चात सागरी नकाशे

बोटीवर नकाशा बघायला स्क्रीन किती इंचांची घ्यावी, इथूनच बहुतेकांचा विचार सुरू होतो. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा. आधी हे ठरवा: पावसात, ओल्या हातांनी, सुकाणूपाशी उभं राहून नकाशा बघायचा आहे का? आणि यंत्र रात्रंदिवस चालवायला बॅटरीत वीज किती आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर चार्टप्लॉटरला, म्हणजे बोटीवर बसवायच्या नकाशा-यंत्राला, तोड नाही. तो पाणी झेलतो, भर उन्हात दिसतो, 12 व्होल्टवर थेट चालतो आणि जीपीएस त्याच्या पोटातच असतो. सात इंची प्लॉटर साधारण 12 वॅट खातो, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून तासाला एक अँपिअर-तास. पैसे मात्र दोनदा जातात: एकदा यंत्राला, एकदा नकाशाच्या कार्डाला. शिवाय एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या प्लॉटरमध्ये चालेलच असं नाही.

टॅबलेट घरात आधीच असेल तर सुरुवात सर्वांत स्वस्त. नेव्हिऑनिक्स किंवा सी-मॅपचं अ‍ॅप घ्या, वर्षाची वर्गणी भरा, लागणाऱ्या भागाचे नकाशे आधीच उतरवून ठेवा. वर्गणी संपल्यावर हातात काय उरतं, तेही भरण्याआधीच वाचा. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. सिमकार्डाची सोय असलेल्या मॉडेलमध्ये असतो, मग सिम घातलेलं नसलं तरी चालतं. चुकून वायफायचाच घेतला असेल तर ब्लूटूथचा वेगळा जीपीएस जोडता येतो. उन्हात टॅबलेट तापून बंद पडतो आणि स्क्रीनवर पडलेल्या पावसाच्या थेंबांना तो बोटं समजतो. नेमकी खाडीच्या तोंडाशी अशी गंमत नको.

ओपनसीपीएन ही वेगळीच जात. 2009 पासूनचं हे सागरी नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावरही फुकट चालतं. एस-57 या डिजिटल सागरी नकाशांच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपातले अधिकृत नकाशे ते वाचतं; अमेरिकेच्या नोआ संस्थेचे तर मोफतच मिळतात. इतर बऱ्याच देशांचे मात्र विकत घ्यावे लागतात. एआयएस रिसीव्हर (जहाजं आपलं नाव-ठिकाण कळवणारे जे संदेश आपोआप पाठवतात, ते पकडणारं यंत्र) जोडला की आसपासची जहाजं नकाशावरच दिसतात. मला सर्वांत उपयोगी वाटते ती उपग्रहाची छायाचित्रं एमबीटाइल्स या नकाशा-चित्रांच्या फाइल स्वरूपात लावण्याची सोय: प्रवाळाच्या उथळ खाडीत पाण्याचा रंगच पुष्कळ काही सांगून जातो. अडचण विजेची. 40 वॅटचा लॅपटॉप चोवीस तास चालवला तर सुमारे 80 अँपिअर-तास जातात, 12 वॅटच्या प्लॉटरला 24 पुरतात. रास्पबेरी पाय आणि छोटी स्क्रीन लावली तर हा फरक बराच भरून निघतो; फक्त ते जुळवायला बोट धक्क्याला असताना एक-दोन सुट्ट्या खर्ची घालायची तयारी हवी.

तिन्हींना लागू असलेली एक गोष्ट: यंत्र कितीही चांगलं असलं तरी नकाशा जुन्या मोजणीवरचा असू शकतो. अधिकृत नकाशांत प्रत्येक भागाला विश्वासार्हतेचा दर्जा दिलेला असतो. ए1 दर्जात जागेची चूक 5 मीटरपर्यंत, सी दर्जात 500 मीटरपर्यंत. खडकापासून शंभर मीटरवरून जायचा बेत असेल तर आधी तो दर्जा बघा. शिवाय व्हेक्टर नकाशा (चित्र नव्हे, तर माहितीवरून स्क्रीनवर रेखला जाणारा) लहान केला की तपशील गळतात. 2014 च्या व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत टीम वेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळावर आदळली. नकाशा पुरेसा मोठा करून न पाहिल्याने वाटेतला धोका निसटला होता. ते खलाशी कसलेले, बोट महागडी.

मला निवडायला सांगितलं तर: केबिनमध्ये रास्पबेरी पायवर ओपनसीपीएन, कॉकपिटमध्ये पाणीरोधक कव्हरातला टॅबलेट आणि दोन्हींवर वेगवेगळ्या कंपन्यांचे नकाशे. एकटे फिरत असाल किंवा रात्री वरचेवर बोट हाकत असाल, तर टॅबलेटऐवजी लहान चार्टप्लॉटर घ्या, जुना चालेल. काहीही घेतलंत तरी दोर सोडण्याआधी टॅबलेट विमान मोडवर टाकून पुढच्या मुक्कामाचा नकाशा पूर्ण मोठा करून बघा. काही चौकोन कोरे दिसले, तर ते धक्क्यावरचं नेट असेपर्यंतच उतरवून घेता येतील.