गिटारच्या फ्रेटकामाची हत्यारे : एक महाग कानस आणि कुपवाडची पट्टी

गेली काही वर्षे मी सांगलीत घरच्या घरी मित्रांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गिटारींचे फ्रेट (नेकवर, म्हणजे मानेवर, बसवलेले धातूचे आडवे पडदे) समतल करणे, त्यांना गोलाई देणे आणि क्वचित ते पूर्ण बदलणे अशी कामे करत आलो आहे. या काळात परदेशी बनावटीची खास हत्यारे, ऑनलाइन मिळणारे स्वस्त संच आणि इथल्याच बाजारातून जमवलेली साधी साधने असे तिन्ही प्रकार माझ्या हाताखालून गेले. हे काम शिकू पाहणारे बहुतेक जण सुरुवातीलाच ‘पूर्ण संच कोणता घ्यावा’ असे विचारतात. माझ्या अनुभवाने पूर्ण संच घेऊच नये. फ्रेटच्या माथ्याला गोलाई देणारी कानस तेवढी उत्तम आणि महाग घ्यावी, आणि बाकीचे बहुतेक सामान सांगली-मिरजेत पाहून, तपासून घ्यावे किंवा करवून घ्यावे.

या एकाच कानशीवर इतका भर का, हे समजण्यासाठी मिरजेच्या सतारीचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या सतारीच्या घोडीचा (ब्रिजचा) माथा रुंद आणि जवळजवळ सपाट असतो. तार त्या सपाटीला हलकेच घासत कंप पावते आणि त्यातून जवारीचा झणकार निघतो. गिटारच्या फ्रेटवर मात्र नेमका हाच झणकार दोष ठरतो. फ्रेट समतल करताना त्याचा माथा घासला जाऊन सपाट होतो, आणि तो तसाच ठेवला तर दाबलेली तार फ्रेटच्या मध्यावरून न सुटता ब्रिजकडच्या कडेवरून सुटते. त्यामुळे आवाज सतारीसारखा पसरतो आणि कंप पावणारी लांबी कमी झाल्यामुळे स्वरही किंचित चढतो. ६४८ मिलिमीटर स्केलच्या, म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी तेवढी असलेल्या, गिटारवर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत ३२४ मिलिमीटर लांबी उरते. तिथे दीड मिलिमीटर रुंदीची सपाटी राहिली तर तार मध्यापासून पाऊण मिलिमीटर पुढे सुटते आणि स्वर सुमारे ४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. विसाव्या फ्रेटवर हाच फरक ६ सेंटच्या पुढे जातो. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असल्यामुळे ते सरकवून स्वर जुळवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडातील खाचेत ठोकलेला असल्यामुळे ती सोय नाही.

गोलाई देण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी बारीक दातांची त्रिकोणी कानस. तिच्या तिन्ही धारा घासून गुळगुळीत करून घेतल्या, म्हणजे फिंगरबोर्डवर (फ्रेट बसवलेल्या लाकडी फळीवर) ओरखडे उठत नाहीत, तर तिने चोख काम होते. फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रेघ ओढायची आणि दोन्ही बाजूंनी घासत मधोमध केसाएवढी रेघ उरेपर्यंत जायचे, अशी ही पद्धत आहे. हात बसलेला कारागीर या कानशीने कोणत्याही महाग हत्याराच्या तोडीचे काम करतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु बावीस फ्रेट आणि प्रत्येकाच्या दोन बाजू एकाच कोनात ठेवणे नवशिक्याला जमत नाही, आणि कंटाळा आला की रेघ पुसली जातेच. रेघ पुसली गेली की तो फ्रेट शेजारच्यांपेक्षा खाली गेला, आणि मग सगळे फ्रेट पुन्हा समतल करावे लागतात. मध्यम-जंबो फ्रेटची उंची जेमतेम १.२ मिलिमीटर असते, त्यामुळे अशी चूक फार वेळा परवडत नाही.

पोट खोलगट असलेली हिऱ्याच्या कणांची कानस ही अडचण दूर करते. ती फ्रेटवर बसते, दोन्ही बाजू एकदम घासते, पुढे ढकलताना आणि मागे ओढताना सारखीच चालते, आणि तिच्या खोलगट भागामुळे माथा आपोआप मध्यावर येतो. जर्मन सिल्व्हरचे फ्रेट, ज्यांत नावाप्रमाणे चांदी मुळीच नसून तांबे, निकेल आणि जस्त असते, तिच्याखाली काही मिनिटांत तयार होतात. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटवर साधी कानस लवकर बोथट होते, तिथे ही टिकते. मी वापरतो ती अमेरिकेतील स्ट्यूमॅकची आहे. वाहतूक आणि आयात शुल्क धरून ती माझ्या बाकी सगळ्या हत्यारांच्या एकत्रित किमतीपेक्षा महाग पडली, आणि तरीही ती आधीच घ्यायला हवी होती असे मला वाटते.

असे वाटण्याचे कारण म्हणजे त्याआधी ऑनलाइन घेतलेली, दिसायला हुबेहूब तशीच असलेली स्वस्त कानस. तिने केलेल्या पहिल्याच गिटारचे उजवीकडचे फ्रेट झणझणू लागले आणि चूक माझ्या हाताची आहे असे समजून मी ते काम दोनदा केले. अखेर मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीतील ओळखीच्या चाचांना ती दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बेटा, हिचं पोट एका टोकाला उथळ आहे. तिथे ही फ्रेटच्या बाजू घासतच नाही, त्याचं डोकं कापते.” जवारी काढण्यात आयुष्य गेलेल्या त्या हाताला जे क्षणात कळले, ते कळायला मला तेच काम दोनदा करूनही जमले नव्हते. खोलगट कानशीतील असा दोष नवशिक्याच्या डोळ्यांना दिसत नाही आणि दिसला तरी घरी दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे स्वस्ताच्या मागे लागू नये.

समतल करण्याच्या पट्टीची गोष्ट अगदी उलटी आहे, कारण तिचा सरळपणा कोणालाही तपासता येतो. जाड काचेवर पट्टी ठेवावी आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या फिलर गेजचे ०.०५ मिलिमीटरचे पाते तिच्याखाली कुठे शिरते का ते पाहावे. स्वस्त संचातून आलेल्या माझ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली मध्यभागी ते सहज शिरले. मग मी २५ मिलिमीटरचा, जाड भिंतीचा चौकोनी लोखंडी पाइप साधारण दीड फूट कापून घेतला आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमधून त्याची एक बाजू सरफेस ग्राइंडरवर काढून घेतली. खर्च किरकोळ आला आणि ते पाते तिच्याखाली आजवर कुठेही शिरलेले नाही. लोखंडाचे वजन इथे उपयोगी पडते, कारण पट्टीवर हाताने दाब द्यावा लागत नाही. दाब दिला की नेक खाली वाकते आणि मधले फ्रेट घासायचे राहतात. पट्टीला दुहेरी टेपने ३२० नंबरचा पॉलिश पेपर लावावा. अर्थात ट्रस रॉडने (नेकच्या आतील, तिचा बाक कमीजास्त करणाऱ्या धातूच्या दांडीने) नेक आधी सरळ केलेली नसेल, तर कोणतीही पट्टी काही उपयोगाची नाही.

एका वेळी तीन फ्रेटवर ठेवून उंच फ्रेट शोधायची छोटी पट्टी स्वस्तातली घेतली तरी चालते. तीही काचेवर तपासावी. मास्किंग टेप आणि २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर यांच्या ब्रँडने काहीही फरक पडत नाही.

जुने फ्रेट उपटण्याची निप्पर मात्र विचार करून घ्यावी. बाजारातील साध्या निप्परच्या तोंडाला पुढून उतार असतो, त्यामुळे ती फ्रेटच्या खाली शिरत नाही. तो उतार ग्राइंडरवर सपाट करून घेता येतो. मात्र दर काही सेकंदांनी निप्पर पाण्यात बुडवावी लागते, नाहीतर पोलादाचे पाणी उतरून धार मऊ पडते. माझी अशीच घडवलेली निप्पर चांगली चालते. तिचा सराव मी २०१९ च्या महापुरात भिजून फुगलेल्या एका गिटारवर केला, जिचे आणखी नुकसान होणे शक्य नव्हते, आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने फ्रेट आधी गरम केल्यास लाकडाचे कपचे कमी उडतात हे तिच्यावरच शिकलो.

राहिली फ्रेटची टोके. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत लाकूड सुकून आक्रसते आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात. त्यासाठी खास कानस विकत मिळते, पण सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानातील एक बारीक सुईकानस, तिची एक कड घासून गुळगुळीत केली की, पुरेशी होते. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते, म्हणून हे काम मी उन्हाळा सरता सरताच करतो.