सी.ए., जी.एस.टी. प्रॅक्टिशनर की जी.डी.सी. अँड ए.? सांगलीत राहून कराचं काम करायचं असेल तर

आयकराचं रिटर्न कुणीही भरून देऊ शकतं. ओटीपी पक्षकाराच्या मोबाइलवर येतो, तो सांगतो, आपण टाकतो. पोर्टल आपली पदवी विचारत नाही. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातही हे काम चालतं. म्हणून बी.कॉम. झाल्यावर 'टॅक्सच्या लाइनीत' जायचं ठरवलं असेल, तर आधी एवढंच विचारा: कोणत्या कागदावर आपली सही चालणार आहे? फी त्यावर ठरते, आणि दहा वर्षांनी आपण कुठे असू तेही.

फक्त नोकरदारांची रिटर्न भरून पोट भरेल, हा विचार मी सरळ बाजूला ठेवायला सांगेन. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पगाराचे आकडे फॉर्ममध्ये आधीच भरलेले येतात, आणि विम्याच्या पावत्या, घरभाडं असं गोळा करून रिफंड काढून देण्यातली कमाई आटत चालली आहे. शिक्षकाकडे चार आकडी फी मागून बघा, पुढच्या वर्षी तो स्वतःच भरतो.

दर महिन्याचा पैसा जी.एस.टी.त आहे. महिन्याच्या 11 तारखेला जी.एस.टी.आर.-1, म्हणजे विक्रीचा तपशील; 20 ला 3-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. तिमाही योजनेतल्या व्यापाऱ्याला 13 आणि, महाराष्ट्रात, 22. चुकलं की दिवसाला 50 रुपये, निरंक रिटर्नला 20, आणि 'तुम्हीच उशीर केलात' म्हणून ते पैसे पक्षकार आपल्याच फीतून वळते करून घेतो. (बिलं 19 तारखेला रात्री त्यानंच पाठवलेली असतात, हे वेगळं.) पण सांगलीत या कामाला खोली आहे. तासगावचा बेदाणा शेतकऱ्यानं स्वतः विकला तर जी.एस.टी. लागत नाही, असा खुलासा जी.एस.टी. परिषदेनं 21 डिसेंबर 2024 च्या जैसलमेरच्या बैठकीत केला. तोच बेदाणा व्यापाऱ्यानं पुढे विकला की कर आला. शिवाय आडत, हमाली, तोलाई, शीतगृहाचं भाडं. हा धंदा ज्याला आतून कळतो, त्याला आडतदार सोडत नाही. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, तर परराज्यांत दुकानं टाकून बसलेले. त्यांची नोंदणी तिकडची, पण भरवसा गावाकडच्या माणसावर.

यासाठी जी.एस.टी. प्रॅक्टिशनरची नोंदणी करता येते. वाणिज्य, कायदा किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी पुरते. त्यापुढे नॅसिनची, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष करांच्या प्रशिक्षण अकादमीची, परीक्षा: अडीच तास, 100 वस्तुनिष्ठ प्रश्न, 50 टक्क्यांना उत्तीर्ण. मनापासून अभ्यास केला तर नोकरी सांभाळून होते. मग पक्षकाराच्या वतीनं रिटर्न, परताव्याचे अर्ज, अधिकाऱ्यासमोर हजर राहणं, हे सगळं स्वतःच्या नावानं करता येतं. जी.एस.टी.च्या वार्षिक ताळमेळावर, म्हणजे 9-सी वर, पूर्वी सी.ए.ची किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागायची. 2020-21 पासून तो व्यापारीच स्वतः प्रमाणित करतो. कराची कामं सी.ए.शिवाय कशी चालतील, असं म्हणणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी.

तरी काही दारं बंदच राहतात. आयकराचं टॅक्स ऑडिट फक्त सी.ए. करतो. बँकेला कर्जासाठी प्रमाणित ताळेबंद हवा असला की पक्षकार जातो सी.ए.कडे, आणि एकदा गेला की बाकीची फाइलही हळूहळू तिकडे सरकते. कर सल्लागारांचं खरं दुखणं हे आहे. त्यावर उपाय म्हणून बहुतेकजण एखाद्या सी.ए.शी जुळवून घेतात: हिशेब आपण लिहायचे, सही त्यांची, फीत वाटा.

मग सी.ए.च का करू नये? जरूर करावं, पण हिशेब मांडून. बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर फाउंडेशन टाळून थेट इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे. सांगली आणि सातारा दोन्हीकडे सी.ए.च्या संस्थेच्या (आय.सी.ए.आय.) शाखा आहेत, तेव्हा पुण्याला खोली घेऊन राहायलाच हवं असं नाही. कुठेही न अडखळता गेलात तरी तीन वर्षं धरा, आणि अडखळतात बरेचजण; प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपला एकूण 50 टक्के ही अट ऐकायला सोपी वाटते. आर्टिकलशिपचा भत्ता हातखर्चापुरता. घर तुमच्या पगाराची वाट बघत नसेल तर हाच रस्ता घ्या. बघत असेल, तर किती प्रयत्न द्यायचे ते आधी घरात बोलून ठरवा. सातवा-आठवा प्रयत्न देणारी हुशार मुलं इथं कमी नाहीत.

तिसऱ्या वाटेबद्दल कॉलेजात फारसं कुणी बोलत नाही, आणि पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्थांच्या या जिल्ह्यात ते नवलच आहे. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका, ही परीक्षा वर्षातून एकदा होते. पदवी, ही पदविका आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असेल, तर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सहकारी संस्थांचं ऑडिट करता येतं. कायद्यात मराठीचं कामापुरतं ज्ञानही मागितलंय, ते आपल्याला फुकट. इथं अहवालावर सही तुमची असते.

पण ती सही हलकी नाही. संस्थेत अपहार सापडला तर विशेष अहवाल द्यायचा आणि सहकार खात्याच्या निबंधकांच्या परवानगीनं गुन्हाही नोंदवायचा, ही जबाबदारी लेखापरीक्षकावर आहे. अध्यक्ष तुमच्याच भावकीतले असू शकतात, कर्जदार तुमच्या मामाचे मित्र. 'पुढच्या वर्षी भरून घेऊ, यंदा राहू दे' हे वाक्य ऐकावं लागतंच. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यानं जी.एस.टी.च बघावं. दुसरी अडचण वेळापत्रकाची: संस्थांचं लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, नोकरदारांच्या आयकर रिटर्नची नेहमीची मुदतही तीच. दोन्ही घेतलंत तर जुलैत घरच्यांना तोंड दाखवणं अवघड.

वादाच्या कामात रस असेल तर चौथा पर्याय वकिलीचा. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, सांगली-साताऱ्याची प्रकरणं तिथे जातात, आणि उच्च न्यायालयात उभं राहायला सनदच लागते. ते स्वतंत्र लिहिण्याजोगं आहे.

घरची परिस्थिती मध्यम आणि मार्क साठीच्या आसपास असतील, तर माझं मत असं: आधी मिश्र काम असलेल्या एखाद्या ऑफिसात दोन वर्षं काढा, तिथून जी.एस.टी.ची परीक्षा द्या, आणि जमलं तर जी.डी.सी. जोडा. ऑफिस निवडताना पगारापेक्षा एक गोष्ट विचारा: कर खात्याच्या नोटिशीचं उत्तर लिहायला बसवणार का, की दोन वर्षं बिलंच चढवायला लावणार? 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा लागू झालाय, कलमांचे क्रमांक बदललेत. जुन्यांनाही ते नव्यानं पाठ करावे लागताहेत, म्हणजे नवख्यानं आत शिरायला याहून बरी वेळ नाही.