ब्रदर 1034डी ओव्हरलॉक: घरच्या शिवणकामासाठी कशी आहे?

शिंप्याच्या दुकानात ज्याला सरसकट ‘इंटरलॉक’ म्हणतात ते काम ही मशीन घरी करते. कापडाची कड कापत जाते आणि त्याच वेळी कडेवर टाका घालते, त्यामुळे दशा निघत नाहीत. पण साध्या मशीनची जागा ती घेत नाही, हे आधी लक्षात घ्या. काजं, चेन, सरळ टीप यातलं काही हिच्यावर होत नाही. टीशर्टच्या खालच्या दुमडीवर असते ती दुहेरी टीपही नाही. तिला कव्हरस्टिच मशीन लागते.

1034डी हे मॉडेल उत्तर अमेरिकेसाठी, 120 व्होल्टवर चालणारं आहे. 220 ते 240 व्होल्टच्या देशांत जवळपास हीच मशीन 3034डी नावाने मिळते. अमेरिकेतल्या नातलगांकडून 1034डी मागवली तर भारतात ट्रान्सफॉर्मरशिवाय ती लावू नका, मोटर जळेल. मुळात मागवूच नये, इथल्या व्होल्टेजची घ्यावी.

कागदावरची माहिती अशी: दोन सुया, तीन किंवा चार दोरे, मिनिटाला 1300 टाके, टाक्याची लांबी साधारण 2 ते 4 मिमी, रुंदी 5 ते 7 मिमी. जाहिरातीतल्या 22 प्रकारच्या टाक्यांना भुलू नका. एक सुई काढणं, रुंदी बदलणं, लूपरचा, म्हणजे कडेवर दोरा गुंफणाऱ्या आकड्याचा, दोरा घट्ट करणं अशा फेरफारांतूनच तो आकडा तयार होतो. रोजच्या वापरात चार दोऱ्यांची शिवण, तीन दोऱ्यांची कड आणि गुंडाळलेल्या बारीक कडेचं रोल्ड हेम, एवढे तीनच येतात. दोन दोऱ्यांचा टाका हिच्यात नाही. अगदी तलम कापडाला हलकी कड हवी असेल तिथे ही उणीव जाणवते.

घरोघरी नव्या मशीनवर कव्हर पडतं ते दोरा ओवण्याच्या धास्तीपायी. म्हणून पहिले दोन तास शिवायला काढूच नका, फक्त ओवा. दोऱ्याचे चारही मार्ग मशीनवर चार रंगांनी दाखवले आहेत. त्याच रंगांची चार रिळं लावा, म्हणजे पुढे टाका बिघडला तर कुठला दोरा चुकतोय ते नजरेनेच कळेल. आधी दोन्ही लूपर, मग उजवी सुई, सगळ्यात शेवटी डावी. हा क्रम मोडायचा नाही. सुया आधी ओवल्या तर त्यांचा दोरा खालच्या लूपरवर अडकून बसतो आणि पहिल्या चार टाक्यांतच खालचा दोरा तुटतो. मग माणूस तेवढाच दोरा पुन्हा ओवतो, तो पुन्हा तुटतो, आणि दोष मशीनला जातो. खालच्या लूपरचा दोरा तुटला की दोन्ही सुयांमधून दोरे काढून घ्या, लूपर ओवा आणि मग सुया. खालच्या लूपरला सोबत दिलेला खटका आहे, तो सरकवला की सगळ्यात अडचणीचा टप्पा हाताशी येतो. या किमतीच्या मशीनमध्ये ही सोय मोलाची आहे.

ओवताना फूट वर ठेवा. ओवून झालं की फूट खाली करा आणि प्रत्येक दोरा हलकेच ओढून पाहा. चारही दोऱ्यांना ताण लागला पाहिजे. एखादा सळसळत आला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही, आणि टेन्शनचा आकडा कितीही बदलून टाका सुधारणार नाही. रिळांवरून दोरे नेणारी मागची दांडी पूर्ण वर ओढलेली आहे का, तेही बघा. ती अर्धवट राहिली तर दोरे एकमेकांत गुंततात. सगळं झाल्यावर चाक आपल्याकडे हाताने चार-पाच फेरे फिरवा. दोऱ्यांची साखळी विणली गेली तरच पायडलवर पाय ठेवा.

रंग बदलायला दर वेळी नव्याने ओवावं लागत नाही. जुने दोरे रिळाजवळ कापा, नव्या रिळांचे दोरे त्यांना गाठ मारून जोडा, टेन्शन शून्यावर आणा आणि हळू चालवा. लूपरच्या गाठी आरपार निघून येतात. सुयांच्या गाठी नेढ्यापाशी आल्या की थांबायचं, गाठ कापायची आणि तेवढं नेढं हाताने ओवायचं. नेढ्यातून गाठ जात नाही. ओढली तर सुई वाकते.

टेन्शनची सुरुवात आकड्यांच्या चारही चकत्या 4 वर ठेवून, मध्यम सुती कापडाच्या दुहेरी पट्टीवर करा. वरच्या आणि खालच्या लूपरचे दोरे बरोबर कडेवर भेटले की टाका जमला. वरच्या लूपरचा रंग खालच्या बाजूला वळून दिसत असेल तर वरचा सैल आहे किंवा खालचा जास्त घट्ट. खालच्याचा रंग वर आला तर त्याच्या उलट. शिवण दोन हातांनी ताणल्यावर शिडीसारखी उघडते आणि उलट बाजूला डाव्या सुईचे फासे दिसतात, तेव्हा डावी सुई घट्ट करा. एका वेळी एकच चकती, तीही अर्ध्या आकड्याने. दोन चकत्या एकदम फिरवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

कडेला फासे लोंबत असतील तर लगेच टेन्शनवर जाऊ नका, आधी रुंदी बघा. ब्लेड जास्त कापड कापतं तेव्हा टाक्याला धरायला कडच उरत नाही. याउलट टाक्याच्या आत कापड गुंडाळलं जात असेल तर कापड जास्त आहे, रुंदी कमी करा.

दुकानांत दिसणाऱ्या छोट्या लोखंडी तीन दोऱ्यांच्या इंटरलॉक मशीनपेक्षा ही वेगळी ठरते ती डिफरन्शिअल फीडमुळे. ती लोखंडी मशीन दणकट असते, पण एकच सुई असल्याने तिने घातलेल्या कडेला शेजारी साध्या मशीनची टीप मारावीच लागते, आणि बहुतेकींना डिफरन्शिअल नसतं. इथे फूटखाली दात्यांचे दोन संच आहेत, पुढचा आणि मागचा. डिफरन्शिअलची चकती 1 वर असेल तर दोन्ही सारखे चालतात. 2 वर पुढचा संच मागच्याच्या दुप्पट कापड आत ढकलतो, म्हणून होजिअरीची कड लाटेसारखी फुगत नाही. साध्या टीशर्टच्या कापडाला 1.5 च्या आसपास पुरतं. 0.7 कडे नेलं की कापड किंचित ताणलं जातं आणि जॉर्जेट, शिफॉनला चुण्या पडत नाहीत. हलकं सुती कापड, डिफरन्शिअलची चकती 2 वर, टाका 4 मिमी आणि सुयांचं टेन्शन वाढवलं की परकराची झालर आपोआप चुणली जाते. ही युक्ती एकट्यानेच मशीनचे निम्मे पैसे वसूल करते.

ओढणीच्या कडेला पिकोऐवजी रोल्ड हेम छान दिसतं. डावी सुई काढा, रुंदी 5 वर, लांबीची चकती ‘आर’ या खुणेवर. सुईपट्टीवरचा बारीक काटा, ज्याला स्टिच फिंगर म्हणतात, तो काढून ठेवा आणि खालच्या लूपरचं टेन्शन घट्ट करा, म्हणजे तो वरच्या दोऱ्याला कडेभोवती गुंडाळून घेतो. वरच्या लूपरला वूली नायलॉन हा फुगीर दोरा घातला तर कड भरीव होते. मात्र त्याचं टेन्शन कमी करा. काम संपल्यावर काटा परत बसवायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी साधी कडही गुंडाळायला लागली, तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. पैठणीसारख्या भारी पदरावर मात्र हा प्रयोग करू नये, कारण कापलेली कड परत येत नाही.

ब्लाउज शिवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: पुढे उसवून सैल करता यावा म्हणून आपण आत इंचभर मार्जिन ठेवतो. ब्लेड ते खाऊन टाकेल. कड ब्लेडला जेमतेम घासेल, फक्त सुतं कापली जातील, एवढंच कापड आत द्या. टाचण्या कडेपासून इंचभर आत आणि शिवणीला समांतर लावा. ब्लेडखाली एक टाचणी गेली तरी पात्याला खाच पडते, आणि त्यानंतर कापड कापलं जायच्या ऐवजी चावल्यासारखं दिसतं.

उलटी टीप हिच्यात नाही. शेवटी चार इंच साखळी सोडा आणि जाड सुईने ती टाक्यांच्या आत ओवून घ्या. बाहेरच्या कोपऱ्यावर कडेच्या पलीकडे एक टाका जाऊ द्या, सुया आणि फूट वर घ्या, काट्यावरचे फासे हलकेच मागे ओढून सोडवा आणि मग कापड वळवा. न सोडवता वळवलं की कोपऱ्यावर गाठोडं होतं.

सुया घरगुती मशीनच्याच, 130/705एच, 80 किंवा 90 नंबरच्या. ही मोठी सोय, कुठल्याही शिवण साहित्याच्या दुकानात मिळतात. सपाट बाजू मागे, पूर्ण वरपर्यंत सारून मग स्क्रू आवळा. दोन सुया बसवल्यावर डावी किंचित वर दिसते, ते बरोबर आहे. दोन्ही सारख्या करायला जाऊ नका. टाके सुटायला लागले तर आधी सुई बदला, टेन्शनला हात नंतर.

तक्रारीही आहेत. मशीन हलकी, त्यामुळे पूर्ण वेगात टेबलावर सरकते; खाली रबरी मॅट घाला. आवाज बराच आहे, रात्री फ्लॅटमध्ये चालवली तर शेजारी दार वाजवतील. चिंध्या धरायला डबी सोबत येत नाही, टेबलाच्या कडेला पिशवी चिकटवावी लागते. लूपरभोवती कापसाची धूळ भराभर साठते, दोन-तीन कपड्यांनंतर ब्रशने झाडलीच पाहिजे. जीन्सच्या जाड जोडावर चार थर एकत्र आले की ती अडखळते, तिथे चाक हाताने फिरवा. हवेच्या झोताने दोरा ओवणाऱ्या मशीन जास्त सुखाच्या, पण कितीतरी पट महाग. घरी महिन्याला दोन-चार कपडे शिवणाऱ्याला त्यांची गरज नाही. फक्त साडीला फॉल लावून द्यायचा असेल तर हीसुद्धा नको.

दुकानात डेमो मागाल तेव्हा आधीच ओवून ठेवलेल्या मशीनवर समाधान मानू नका. चारही दोरे काढायला सांगा, आणि तिथेच खुर्ची ओढून ते स्वतः ओवून बघा.