डायनोच्या कागदावरचे तेरा घोडे

जुन्या होंडा सिटी व्हीटेकवाल्यांनो, तुमच्याही हातात कुणीतरी डायनोचे (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) दोन कागद ठेवेल, म्हणून हे लिहितोय. तुर्भे एमआयडीसीतल्या एका गॅरेजने ‘शॉर्ट रनर परफॉर्मन्स मॅनिफोल्ड’ (मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग) म्हणून मला 32,000 रुपयांचा चुना लावला. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव देत नाही. तसंही पाटी बदलून हेच चालू राहणार, तेव्हा युक्ती कळलेली बरी.

माझी गाडी दीड लिटरची, कंपनीचा आकडा 106 अश्वशक्तीचा. तो थेट इंजिनाच्या क्रँकवरचा, चाकांपर्यंत पोहोचताना त्यातली थोडी गिअरबॉक्स आणि टायर खातात. गॅरेजवाला म्हणाला, “दादा, कंपनीच्या मॅनिफोल्डने इंजिनाचा गळा आवळलाय. अमेरिकन कास्टिंग आहे माझ्याकडे, मोठा प्लेनम, आखूड रनर. आणि मी नुसता बोलत नाही, डायनोवर दाखवतो.”

यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच पटतं. प्लेनम म्हणजे मॅनिफोल्डमधली हवेची पेटी, रनर म्हणजे तिथून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या. इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला की रनरमधली धावती हवा त्यावर आदळते आणि दाबाची लाट प्लेनमकडे जाऊन परत येते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो त्याच वेळी ती पोहोचली तर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते. रनर लांब असेल तर हे कमी आरपीएमला जुळतं, आखूड असेल तर वरच्या आरपीएमला. म्हणजे आखूड रनर वर जे देतो त्यातलं बरंचसं खालून काढून घेतो. ट्रॅकवर सहा-सात हजारांवर गाडी पळवणाऱ्याला हा सौदा परवडतो. घोडबंदर रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्याला नाही. हे त्याने सांगितलं नाही, आणि त्याने दिलेल्या कागदावरही दिसू दिलं नाही.

आता ते कागद. आधीचा 84 व्हील हॉर्सपॉवर, नंतरचा 97. तेरा घोडे, निव्वळ मॅनिफोल्डने! दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले की चोरी उघडी पडते. पहिल्याच्या तळाशी बारीक अक्षरात करेक्शन (हवेच्या फरकानुसार आकडा दुरुस्त करायची पद्धत) ‘एसएई’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘एसटीडी’. एसएईचं गणित 25 अंश तापमानाच्या हवेवर बेतलेलं, एसटीडीचं साडेपंधरा अंशांच्या थंड हवेवर. त्यामुळे तीच गाडी, तोच रन, पण एसटीडी लावलं की आकडा साधारण चार टक्क्यांनी फुगतो. तीन-साडेतीन घोडे तिथेच आले. पहिल्या कागदावर स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करायची सेटिंग) 5, दुसऱ्यावर 0. स्मूदिंग काढलं की रेषेतली टोकं वर येतात आणि त्यातलं सर्वात उंच टोक ‘पीक’ म्हणून छापलं जातं. पहिला रन भर दुपारी, गाडी ठाण्याहून आल्या आल्या, बॉनेट बंद ठेवून. दुसरा सकाळी, थंड इंजिनावर, बॉनेट उघडं आणि समोर भलामोठा पंखा. खोलीतल्या हवेचा फरक करेक्शन भरून काढतं, पण बॉनेटखाली तापलेल्या धातूचा नाही.

सर्वात चलाख गोष्ट आलेखाच्या आडव्या अक्षावर होती. पहिला आलेख 2,000 आरपीएमला सुरू होतो, दुसरा 4,500 ला. कमी आरपीएमचं टॉर्क (ओढायची ताकद) जिथे कोसळलंय तो भागच छापलेला नाही. माणूस आकडा बघतो, आलेख कुठून सुरू होतो ते कोण बघतो?

गाडी घेऊन निघालो तर पिकअप मेलेला. सिग्नलला आयडलिंग हजारावरून पंधराशेवर आणि परत खाली, असं हेलकावे खात होतं. फोन केला तर, “ईसीयू शिकतोय दादा, थोडी चालवा.” ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. चालवली. घोडबंदर रोडवर फाउंटन हॉटेलकडून येताना गायमुखच्या उतारावर समोर टँकर थांबला. पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसऱ्याला पेडल दगडासारखं. त्याच क्षणी इंजिन आपोआप ओरडायला लागलं. हँडब्रेक, खालचा गिअर, आणि डाव्या बाजूची माती. ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच मिळतो, आणि त्या नळीचं निपल मॅनिफोल्डमधून उपटून बाहेर आलं होतं. आटे पाडलेच नव्हते, चिकटवलेलं होतं.

वागळे इस्टेटमध्ये इंजिनाच्या हेडचं मशिनिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी मॅनिफोल्ड उतरवला, काळ्या चकचकीत पावडर कोटिंगवर बोट फिरवलं आणि विचारलं, “अमेरिकेत एम-सील मिळतं का रे?” प्लेनमच्या आत, दुसऱ्या रनरच्या तोंडाशी एम-सीलचा थर होता, नखाने टवका निघाला. तो सुटला असता तर थेट सिलिंडरमध्ये गेला असता. कोटिंग खरवडल्यावर खाली वाळूच्या साच्यातल्या लोकल ओतकामाची खडबडीत कातडी. मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधलं गॅस्केट पोर्टवर धरलं तर चारपैकी दोन पोर्टांना आत पायरी. फेसवर स्ट्रेटएज (सरळ पट्टी) ठेवून काकांनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवला, तो मधल्या स्टडजवळ आरपार गेला. आयडलिंगचे हेलकावे तिथूनच. ही पायरी आणि फटीची तपासणी पैसे देण्याआधी काउंटरवरही करता येते. कुणी करू देत नसेल तर उठून यायचं.

खरी अडचण पुढे होती. माझा मूळ मॅनिफोल्ड गॅरेजने ‘स्क्रॅपमध्ये गेला’ म्हणून हात वर केले. या गाडीचा मूळ मॅनिफोल्ड आज चांगल्या अवस्थेत मिळणं किती कठीण आहे हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वणवण केल्यावर कळतं. तो बहुधा विकलाच असणार. काढलेला पार्ट त्याच दिवशी डिकीत टाकून घरी न्या, तेलकट असला तरी.

शेवटी मिळालेला मूळ प्रकारचा मॅनिफोल्ड बसवण्याआधी आणि बसवल्यावर मी दुसऱ्या ठिकाणी डायनो करून घेतला: एकच गिअर, एकच करेक्शन, पंखा तोच, आलेख 2,000 पासून. त्या ‘अमेरिकन’ मॅनिफोल्डवर 81, मूळ मॅनिफोल्डवर 86. तीन हजार आरपीएमला तर दोन रेषांमध्ये बोटभर अंतर.

पैसे मागितल्यावर सूर बदलला. “मॉडिफिकेशन तुमच्या जबाबदारीवर असतं साहेब,” आणि मग, “तक्रार केलीत तर तुमचीच गाडी आरटीओत अडकेल.” पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं, ‘जीएसटी वाचतो’ म्हणून. पण यूपीआयची नोंद होती, ‘ओरिजिनल अमेरिकन आहे’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता, दोन्ही कागद होते आणि काकांनी लेटरहेडवर लिहून दिलेला अहवाल. वकिलांनी एवढ्यावर नोटीस काढली. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिचा क्रमांकही जोडला. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ती करावी लागते.

नोटिशीनंतर त्याने 12,000 परत पाठवले आणि ‘आता विषय संपवा’ असा निरोप दिला. मी ‘रक्कम अंशतः मिळाली, उर्वरित दावा कायम’ असं लेखी कळवलंय. मॅनिफोल्ड सीलबंद करून काकांकडे ठेवलाय. त्याच गॅरेजकडून कुणी असाच घेतला असेल तर बॉनेट उघडून आधी ब्रेक बूस्टरच्या नळीचं निपल हलवून बघा, आणि ते हललं तर गाडी टो करूनच न्या.